‘इतर’ लिहिलेला डबा

गुरुवारी सकाळी संजीव ऑफिसला निघाला तेव्हा जिन्याच्या पहिल्या पायरीवर डबा ठेवलेला होता. त्याचाच डबा, निळ्या झाकणाचा, काल संध्याकाळी त्याने खाली मामींना दिलेला. घासून लख्ख केलेला, झाकण घट्ट बसवलेलं आणि झाकणावरची त्याच्या अक्षरातली चिकटपट्टी न भिजवता, न ओरबाडता तशीच राखलेली. तिच्यावर लिहिलं होतं ‘इतर’. त्याने डबा उचलून सवयीने हलवून पाहिला. काही वाजलं नाही. झाकण उघडलं तर आत काहीच नव्हतं. तो आणि त्याची बायको ऋजुता या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला येऊन दीड वर्ष झालं होतं, आणि दीड वर्षात मामींकडून एकही भांडं रिकामं परत आलं नव्हतं. देण्यासारखं काही नसलं तर चिमूटभर साखर, दोन चकल्या, परसातली कढीपत्त्याची एक काडी, काहीतरी असायचंच. रिकामं भांडं परत करणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार लावणं, असं त्यांनीच एकदा सांगितलं होतं. डब्याच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब राहिला होता. संजीवने तो बोटाने पुसला.

मामी म्हणजे घरमालकीण. नाव महालक्ष्मी, पण नीलांगरैच्या त्या गल्लीत भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे त्यांना मामीच म्हणत. तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या. पूर्वज कधीकाळी तलवारी नाहीतर पोथ्या घेऊन दक्षिणेत उतरले आणि इथलेच झाले. भाषा मात्र या लोकांनी जुन्या लुगड्यासारखी घडी घालून जपली. संजीव मिरजेचा. घर बघायला आला त्या दिवशी या बाईंनी तमिळ हेल काढून ‘जेवण जालं का?’ असं विचारलं तेव्हा त्याला आधी हसू आलं आणि मग, का कोण जाणे, बाकीच्या खोल्या न बघताच त्याने घर ठरवलं. यजमान राघोत्तमराव एग्मोरला रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क होते, त्यांना जाऊन चार वर्षं झालेली. मुलगा हरिप्रसाद मेलबर्नला. खाली एकटी बाई, वर दोन माणसं, मधे जिना. मामींचे गुडघे वर चढू देत नसत, म्हणून पहिली पायरी ही भांड्यांच्या देवाणघेवाणीची जागा ठरून गेली होती. संजीवची आई तीन वर्षांपूर्वी वारली. आता जगात कोणी त्याला जेवलास का म्हणून विचारत असेल तर त्या पायरीवरून मामीच विचारत. हे तो कोणापाशी बोलला नसता, ऋजुतापाशीही नाही.

आजारी बाई, तापात राहून गेलं असेल, असं म्हणत त्याने डबा पिशवीत टाकला. त्याच पिशवीत त्याचा दुपारचा डबा होता. त्यावरची पट्टी ‘गुरुवार दुपार, संजीव’ अशी होती. संजीवच्या घरी प्रत्येक घासाला असा वार, वेळ आणि नाव होतं. गेल्या वर्षीपर्यंत दोघंही दमून यायची, फोनवर बोट फिरवायची आणि जेवण दारात यायचं. कागदी पिशव्या, चटणीच्या फुगलेल्या पुड्या, तेलाने पारदर्शक झालेली झाकणं. शनिवार-रविवारी तर बाहेरच खाणं. एकदा त्याने सहा महिन्यांचं सगळं बेरजेला लावलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली. एवढ्यात आईने मिरजेला दहा माणसं वर्षभर पोसली असती. मग त्याने योजना आखली. शनिवारी कागदावर आठवड्याचं जेवण लिहायचं, रविवारी सकाळी तेवढाच बाजार आणायचा, दुपारी चिरायचं, संध्याकाळी चारही शेगड्या पेटवून सगळं एका दमात शिजवायचं, निववायचं, वजन करून डब्यात भरायचं. दिवेलागणीला अठ्ठावीस डबे फ्रीझरमध्ये रांगेने उभे. बाहेरून काही आलं, कोणी काही दिलं, तर ते ‘इतर’मध्ये. ‘दात कोरून पोट भरत नाही हो,’ असं सासरे म्हणाले तेव्हा त्यांच्यापुढे त्याने खर्चाचा कागद धरला होता. खर्च खरोखरच निम्म्यावर आला होता. पण सासऱ्यांनी ताटातला निम्मा भात तसाच ठेवला होता, हे संजीवच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

रस्त्यावर उन्हाची धग सकाळीच लागायला लागली होती. ऋजुता ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी दोन आठवडे पुण्याला गेली होती. काल फोनवर म्हणाली, ‘इथे आईच्या घरी ताटातून वाफ येते रे.’ एवढंच म्हणाली आणि विषय बदलला. त्याला राग आला होता. वाफ काय, मायक्रोवेव्हमधूनही येते. त्या रागातच तो काल संध्याकाळी घरी आला, तर मामींच्या खिडकीतून कण्हणं ऐकू आलं. तीन दिवसांचा ताप. ‘मामी, काही आणू का खायला?’ त्याने विचारलं. ‘कांहीं नोको, कंजी पिईन,’ त्या म्हणाल्या. कंजी म्हणजे पेज. आजारी माणसाने नुसती पेज प्यायची आणि वर आपला फ्रीझर गच्च भरलेला, याचं त्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तो वर गेला, फ्रीझर उघडून उभा राहिला. थंड हवा अंगावर आली. ‘बुधवार रात्र’ दिला तर आपण काय खाणार? ‘गुरुवार रात्र’ दिला तर गुरुवारी बाहेरून मागवावं लागणार. एक डबा हलला की सगळा आठवडा लंगडा. मग त्याला मागच्या कोपऱ्यात, बर्फात रुतून बसलेले ‘इतर’चे दोन डबे दिसले. वरचा त्याने ओढून काढला. भात, कच्च्या केळ्याची भाजी, कडेला काळपट हिरव्या चटणीचा गोळा. कोणी दिलं होतं बरं? ऑफिसातल्या जननीने दसऱ्याला काहीतरी दिलं होतं, तेच असणार. पट्टीवर देणाऱ्याचं नाव लिहायला जागाच ठेवलेली नव्हती. त्याने डबा गरम केला, खाली नेऊन दिला आणि शीळ घालत वर आला. मामींना गरम जेवण मिळालं आणि आठवडाही मोडला नाही. स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश झाला की ‘बुधवार रात्र’ची पातळ झालेली आमटीसुद्धा त्याला रुचकर लागली.

शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात, सहाव्या मजल्यावर, दुपारी एक वाजता मायक्रोवेव्हपुढे रांग लागते. दोनच यंत्रं आणि दीडशे माणसं. त्या कोंदट खोलीत सुक्या मासळीचं कालवण, कालचा पिझ्झा, लसणाची फोडणी, उकडलेलं अंडं, सगळ्यांचे वास एकमेकांत मिसळून एकच उबट, दमट वास झालेला असतो. यंत्राच्या आतल्या छतावर कोणाकोणाच्या सांबाराचे शिंतोडे वाळून चिकटलेले. दर दोन मिनिटांनी टुणकन आवाज होतो आणि एक माणूस घाम आलेला डबा घेऊन बाजूला होतो. संजीवने आपली मुगाची उसळ आत ठेवली. चार दिवसांपूर्वीची. गोल फिरणाऱ्या डब्याकडे बघताना त्याला एकाएकी वाटलं, आपण हे खाऊ शकणार नाही. असं गेल्या महिन्यात दोनदा झालं होतं. घास तोंडात फिरत राहायचा आणि घशाशी येऊन थांबायचा. त्याचं कारण तो शोधत नसे. पाणी पिऊन घास खाली ढकलायचा, हा उपाय त्याला पुरत होता.

मागे जननी उभी होती. ऑफिसात तीच एक मोकळं बोलणारी. दोघं इंग्रजीत बोलत. सकाळपासून तो रिकामा डबा डोक्यात खडखडत होता, म्हणून त्याने सहज विचारावं तसं विचारलं, ‘दसऱ्याला तू मला कच्च्या केळ्याची भाजी दिली होतीस ना?’

‘मी? मी चण्याचं सुंडल दिलं होतं. पूजेचं.’

‘नाही, केळ्याची. मिरी घातलेली. आणि हिरवी चटणी.’

‘मिरी घालून? मिरची नाही?’ ती हसली. ‘अरे, तशी भाजी आमच्याकडे तिथीला करतात. आजोबांचं श्राद्ध असतं ना, तेव्हा. चटणी काळपट होती? खाज सुटते तोंडाला? ते पिरंडैचं तुवैयल. कुंपणावर वेल असते बघ, बोटांच्या पेरांसारखी. ती वाटतात. नीट नाही जमली तर घसा धरते. सणाला असलं कोण कोणाला देईल?’

मराठीत जिला कांडवेल म्हणतात ती. मामींच्या परसात, पाण्याच्या टाकीला लागून तिचं रान माजलं होतं. यंत्र टुणकन वाजलं. मागचा माणूस खाकरला. संजीव आपला डबा घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला आणि झाकण न उघडता त्यावरच्या आपल्या नावाकडे बघत राहिला. त्याला सगळं आठवलं. खरं म्हणजे तो विसरलाच कधी होता? माणूस विसरतो ते बहुधा आठवायचं नसतं म्हणून.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. राघोत्तमरावांचं श्राद्ध. हरिप्रसादला यायला जमलं नाही, कोणी पुतण्या येऊन करून गेला. दुपारपासून टाकीवर कावळे बसून होते. संजीव त्या दिवशी घरून काम करत होता, कानात इअरफोन, पलीकडे चार माणसं बोलत असलेली. मामींनी खालून हाक मारली. तो पायरीपर्यंत गेला. त्यांच्या हातात राघोत्तमरावांचं नाव कोरलेलं झाकणाचं भांडं होतं, न्हालेले केस अजून ओले, चुलीपुढे बसून डोळे लाल झालेले. ‘संजीव, हें आजच खायाचं. शिळं ठेवायाचं नोको. दोघांचं घातलें. हें बाहेर देत नाहींत, घरच्यांनींच खायाचं असतं. तुम्हीं घरचेच कीं नाहीं?’ त्याने ऐकलं. कानातल्या माणसांना तो ‘हो, शुक्रवारपर्यंत’ म्हणाला आणि मामींकडे बघून मान हलवली. मान कशासाठी हलली ते दोन्हीकडच्यांनी आपापल्या परीने समजून घेतलं.

वर ऋजुता आली तेव्हा ‘मंगळवार रात्र’चे दोन डबे ओट्यावर वितळत होते. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नसतं, हा योजनेचा पहिला नियम. मामींचं भांडं अजून कोमट होतं. ऋजुताने झाकण काढलं आणि घरभर मिरी, तूप आणि कसल्यातरी रानटी पाल्याचा वास पसरला. ‘आज हेच खाऊ,’ ती म्हणाली. तो म्हणाला, ‘मग ओट्यावरचं फेकायचं का?’ ती म्हणाली, ‘उद्या खाऊ.’ तो म्हणाला, ‘मग उद्याचं?’ तो तिला नीट समजावून सांगत गेला, ती ऐकत गेली. शेवटी ‘संजीव, निदान वास तरी घे,’ असं म्हणून तिने भांडं त्याच्यापुढे धरलं. त्याने वास घेतला नाही, वजन केलं. दोन डबे झाले. तिने ते भरले आणि चिकटपट्टी त्याच्यापुढे सरकवली. ‘तू ना, उष्ट्या हाताने कावळा हाकणार नाहीस,’ ती म्हणाली. एरवी हे ती हसत म्हणायची. त्या दिवशी हसली नव्हती. दुसऱ्या दिवशी धुतलेल्या भांड्यात चार खजूर घालून तो खाली गेला. मामींनी विचारलं, ‘कसं होतं?’ त्यांचा चेहरा परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या मुलीचा झाला होता. ‘छान होतं मामी. ऋजुतालापण फार आवडलं.’ किती सफाईने बोलून गेला होता तो! आणि काल तेच जेवण त्याने त्यांच्याच हातात ठेवलं होतं, तापाने फणफणलेल्या बाईच्या, आपलं म्हणून, मोठ्या मनाने. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावं तर असं. त्यांनी झाकण उघडलं असेल. नवऱ्याच्या श्राद्धाचा भात, दोन महिन्यांचा, बर्फाचं पाणी सुटलेला. आपला शब्द आणि आपली थाप, दोन्ही एकाच डब्यात. आणि मग त्यांनी तो डबा घासला असेल.

त्याला ओकारी आली. तो स्वच्छतागृहाकडे जाताना जननीने विचारलं, बरं नाही का? त्याने मान हलवली. हीच ती मान, त्याच्या मनात आलं, आणि आरशात स्वतःचा चेहरा बघून त्याला आणखी मळमळलं. गुळगुळीत दाढी, गळ्यात ओळखपत्र, ओठाच्या कडेला काही नाही. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. याने तर मीठही गोठवून ठेवलं होतं.

त्याची आई मिरजेला खानावळ चालवायची. वडील गेल्यावर दुसरं काही येत नव्हतं म्हणून. दुपारी वीस, रात्री पंधरा माणसं. आईचा नियम होता, ताटातलं उष्टं म्हशीला, पातेल्यातलं उरलेलं घराला. म्हणजे संजीवला आणि तिला. लोक जेवून हात धुऊन जाईपर्यंत तो आतल्या खोलीत पाढे म्हणत बसायचा आणि कान पातेल्याकडे असायचे. पळीचा आवाज खोलवरून यायला लागला की समजायचं, आज भाजी नाही. उरली तर ती गारढोण, कडेला तेल थिजलेलं, कोणाकोणाच्या आवडीनिवडीतून मागे राहिलेली. दोडका, पडवळ, तळाची जाडी आमटी. बटाटा कधीच उरत नसे. एकदा, सातवीत असताना, त्याने आईला विचारलं होतं, ‘माझ्यासाठी म्हणून तू कधी काही करतेस का?’ आईने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘सगळं तुझ्यासाठीच करते की रे.’ खरं होतं ते. पण ते पोटाला कळत नव्हतं. त्या वयात उरलेल्याची जी शिसारी बसली ती कायमची. आपण मोठं झाल्यावर आपल्या नावाचं खाऊ, असं त्याने तेव्हा ठरवलं होतं, आणि म्हणून तर एकेका डब्यावर नाव. पण नाव घातलेले अठ्ठावीस डबे शेवटी उरलेलंच अन्न होतं. रविवारचं उरलेलं, सात दिवस पुरवलेलं. आणि ज्या एका दिवशी कोणीतरी ओल्या केसांनी चुलीपुढे बसून, खास त्याच्यासाठी म्हणून दोघांचा वाटा काढला, त्याला त्याने नाव दिलं ‘इतर’. हे कळल्यावर त्याला रडू यायला हवं होतं. त्याला नुसती किळस आली, तोंडात गंजकी चव आली. मुगाची उसळ त्याने कचऱ्याच्या डब्यात ओतली. वर्षभरात पहिल्यांदा.

संध्याकाळी शेअर ऑटोने अक्करैच्या नाक्यावर उतरून त्याने कोवलमहून येणारी बस धरली. ही बस म्हणजे चाकांवरचा मासळीबाजार. रिकाम्या पाट्यांतून पाणी गळून जमिनीवर वाहत होतं, बुटाच्या तळव्याला खवले चिकटत होते. शेजारच्या कोळणीची पाटी रिकामी होती. मांडीवरच्या प्लास्टिकच्या पिशवीत मात्र तीन मासे होते, चकचकीत, ताजे, डोळे अजून काळे. एवढे चांगले मासे विकले कसे गेले नाहीत, म्हणून त्याने मोडक्या तमिळमध्ये विचारलं. याला अक्कल आहे की नाही, अशा नजरेने तिने त्याच्याकडे पाहिलं. ‘वीट्टुक्कु,’ ती म्हणाली. घराला. सकाळीच बाजूला काढून ठेवलेले. एरवी तो नाकाला रुमाल लावून बसायचा. आज त्याने रुमाल काढला नाही. या वासाची किळस यावी अशी त्याची योग्यता राहिली नव्हती. नीलांगरै येईपर्यंत तो एकच वाक्य घोळवत राहिला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, सरळ सांगायचं. की सांगायचं, ते मी पाहिलंच नाही, ऋजुताने ठेवलं होतं? ऋजुता पुण्याला होती, बिचारी कुठे नाही म्हणायला येणार? हे मनात आलं आणि त्याने बसचा दांडा घट्ट धरला. दांडाही चिकट होता.

मामींचं दार उघडं होतं. त्या स्वयंपाकघरात पाटावर बसून दुधाकडे लक्ष ठेवून होत्या. ताप उतरलेला दिसत होता. कपाळावर विभूतीची रेघ, खांद्यावर टॉवेल.

‘ये. जेवण जालं का?’

तो उंबऱ्यातच थांबला. ‘मामी, कालचा डबा...’

‘खाल्लें. अस्क खाल्लें.’ अस्क म्हणजे सगळं. त्यांनी दुधावरची साय चमच्याने बाजूला केली. ‘उभा कां? बैस.’

‘तुम्हाला कळलं?’

‘ह्या गल्लींत पिरंडैचं तुवैयल मजशिवाय कोण करतं?’ त्या वर न बघता म्हणाल्या. ‘पैल्या घासास कळलं. जीभ खाजली कीं. चिंच कमी पडली होती मजकडून. त्या दिवशींच मज संशय होता, पण तूं छान होतं म्हणालास.’

एवढं शांत बोलणं संजीवला सोसवेना. त्यांनी आरडाओरडा करावा, घर खाली कर म्हणावं, डबा तोंडावर फेकावा. म्हणजे मग भांडता आलं असतं, माफी मागून मोकळं होता आलं असतं.

‘टाकायचं होतं ना मामी. तसलं कशाला खाल्लं? आणि तापात!’

‘त्यांचं जेवण टाकतात काय?’ आता मात्र त्यांनी वर पाहिलं. डोळ्यांत राग होता, तीन दिवसांच्या तापाने अधिकच स्पष्ट झालेला. ‘चार वर्षं जालीं. हरिप्रसाद फोनवर मंत्र ऐकतो. पुतण्या दक्षिणा मोजून घेतो, जेवतो आणि बस धरतो. घरचं म्हणून कोण बसतं जेवायास? मी म्हटलं, वर दोघं आहेत.’ त्यांनी टॉवेलने मान पुसली. ‘किळस आली मज काल. खोटं कां सांगूं? थंड, पाणी सुटलेलं, प्लास्टिकचा वास. तरीं खाल्लें.’

‘म्हणून डबा रिकामा पाठवलात.’

‘त्या जेवणाच्या भांड्यांत उलट कांहीं घालत नाहींत. आमच्या घरीं तशीच रीत.’

म्हणजे रिकामा डबा हा शेवट नव्हता, नुसती रीत होती. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि मग आठवलं की त्या दिवशी आपण त्याच भांड्यात चार खजूर घालून परत केले होते. त्या वेळी मामींनी ते घेतले होते, काही बोलल्या नव्हत्या. तो मागे वळणार एवढ्यात त्या म्हणाल्या,

‘संजीव, मी दोघांचं दिलें होतें. एकाचंच आलं. दुसरं कोठें आहे?’

दूध वर आलं. त्यांनी शेगडी बंद केली आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. संपलं म्हणता आलं असतं. ऋजुताने खाल्लं म्हणता आलं असतं. ते तर फारच सोपं होतं, जीभ तयार होती, मानही तयार होती. ‘आहे,’ तो म्हणाला. ‘वर आहे. तसंच.’

‘मग?’ मामी म्हणाल्या, आणि दुधाचं भांडं फडक्याने धरून उतरवायला लागल्या.

फ्रीझरमध्ये ‘गुरुवार रात्र, संजीव’ पुढेच होता. तो बाजूला सारून त्याने मागच्या बर्फातून दुसरा डबा उपसून काढला. मायक्रोवेव्हमध्ये तो फिरत असताना संजीव पहिल्यांदाच समोर उभा राहून वास घ्यायला लागला. मिरी नव्हती, तूप नव्हतं. बर्फाचा, पुठ्ठ्यासारखा ओला वास होता. भाताची शितं मोडून लगदा झालेला, केळ्याच्या फोडी स्पंजासारख्या, कडेने करडं पाणी. त्याने ताट घेतलं, सगळं त्यात काढलं आणि जमिनीवर मांडी घालून बसला. पहिला घास घशाशी येऊन थांबला. त्याने पाण्याचा पेला दूर सरकवला. घास चावून चावून गिळला. दुसरा. पोट वर येत होतं, डोळ्यांत पाणी येत होतं. ते रडणं होतं की ओकारी दाबल्याचं, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पडवळ, दोडका, तळाची जाडी आमटी, सगळं पुन्हा तोंडात येऊन गेलं. मग चटणी. जिभेला लागताच खाज सुटली, बारीक सुया टोचाव्यात तशी, जिभेवरून टाळ्यावर, टाळ्यावरून घशात उतरत गेली. त्याने ताट बोटाने निपटून काढलं. डबा घासला. चिकटपट्टी सोलून काढायला गेला तर ती अर्धवट फाटली, तशीच नखाने खरवडून काढली.

रिकामा डबा घेऊन तो खाली उतरला. पहिल्या पायरीवर ठेवावा की कसं, क्षणभर थांबला, मग दारापर्यंत गेला. आत मामी अंधूक उजेडात पेला तोंडाला लावून बसल्या होत्या.

‘मामी,’ त्याचा आवाज घोगरा निघाला, ‘चिंच कमी पडली होती.’

त्यांनी पेला खाली ठेवला.

‘पुढल्या वर्षीं पाहीन,’ त्या म्हणाल्या. ‘दार लोटून घे, डांस येतात.’

त्याने दार लोटलं आणि पहिल्या पायरीवर बसून राहिला. घसा अजून खाजत होता.